पेटीतलं ऊन

पौषातलं ऊन माणदेशाच्या माळावर पाहुण्यासारखं येतं. दारात उभं राहतं, आत येत नाही. अशाच एका पांढुरक्या, पातळ, परक्या उन्हात तानूकाकू माझ्या उंबऱ्याशी उभ्या राहिल्या. त्यांच्या ओच्यात तेरा अंडी होती, अजून कोमट.

"पेटीत घाल, दिवा लाव, तुझ्या कालिजात शिकवलंय ते समदं कर," त्या म्हणाल्या. "पण त्या शेजारच्या वैजंताचा हात अंड्यांना लागू देऊ नगंस. दोन पोटातनं गेली तिची, तिसरं पाळण्यातनं. सांगून ठिवते."

मी हसले. विज्ञानाची पदवी घेतलेल्या बाईला हसायला कितीसा वेळ लागतो. हसत हसत मी अंडी ओंजळीत घेतली.

तानूकाकू आमच्या घरमालकीण. माझा नवरा करंजओढ्याच्या शाळेत मास्तर. काकूंच्या दोन खोल्यांत आम्ही तिघं, तो, मी आणि नऊ महिन्यांची मनवा. काकूंनी आदल्या सांजेला खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवली होती आणि पहाटे मुंगसानं ती ओढून नेली. मागे उरली चार पिसं, आणि मातृहीन, मौनव्रती, मृत्तिकावर्णी तेरा अंडी.

पेटी तयारच होती. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मीच केलेली: थर्माकोलचा खोका, वर काचेचा तुकडा, आत चाळीसचा बल्ब, कोपऱ्यात पाण्याची वाटी, वरच्या कडेला टांगलेलं थर्मामीटर. बटण दाबलं आणि खोक्यात एक इवलासा, अस्त नसलेला दिवस उगवला. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीनं एका बाजूला फुली काढली, दुसऱ्या बाजूला गोल. दिवसातून तीनदा कूस बदलायची. कोंबडी चोचीनं करते, ते मी बोटांनी करणार होते.

चौथ्या दिवशी, भर दुपारी, लाइट गेली.

मनवा अंगात कणकण घेऊन माझ्या खांद्यावर रडत होती. पेटीतलं ऊन मावळलं होतं. थर्मामीटरचा पारा पायरी पायरीनं उतरत होता, आणि मी एका हातानं लेक थोपटत, दुसऱ्या हातानं पेटीवर गोधडी पांघरत, दोन उबांच्या मध्ये वाटली जात होते.

तेवढ्यात कुंपणाच्या बुटक्या भिंतीवरून वैजंता आली. धावत आली. छातीशी गरम पाण्याच्या तीन बाटल्या, जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेल्या.

"लाइट गेली न्हवं? म्हटलं, थंडी वाजंल त्यांस्नी."

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. आधी विचारून आत यायची सवय तिला लोकांनी लावली होती. त्या दिवशी ती विसरली. बाटल्या पेटीत ठेवल्या, आणि मग तळहात अंड्यांवरून असा फिरवला, जसा झोपलेल्याच्या कपाळावरून फिरवतात. मेंदीविना, बांगडीच्या किणकिणीविना, करडे, कष्टाळू, करुणार्द्र हात. मला काकूंचे शब्द आठवले. मी म्हटलं, लागू दे.

मग ती रोज येऊ लागली. सकाळी, दुपारी, दिवेलागणीला. फुली खाली, गोल वर. गोल खाली, फुली वर. तिचा नवरा जेसीबी घेऊन दूरच्या रस्त्याच्या कामावर असायचा. गावातलं बारशाचं बोलावणं तिच्या दारावरून पुढे जायचं. संक्रांतीचं हळदीकुंकूही तसंच पुढे गेलं. आमच्या काचेच्या तुकड्यावर मात्र तिचं तोंड तासन् तास वाकलेलं, बल्बच्या उजेडात केशरी, कुणाला न दिसणारं.

सातव्या दिवशी आम्ही खिडकी झाकून एकेक अंडं मोबाइलच्या टॉर्चवर धरलं. चार अंडी रिकामी निघाली, कोऱ्या कागदासारखी. त्यांच्यात कधी काही धरलंच नव्हतं. उरलेल्या नवांत मात्र आरक्त धाग्यांचं जाळं पसरलं होतं, आणि जाळ्याच्या मध्यावर एक काळा ठिपका थरथरत होता. वैजंतानं तेच अंडं पुन्हा उजेडावर धरलं.

"हे असं असतंय व्हय," ती म्हणाली. "मला कुणी दावलंच न्हाई कधी."

आता मी जे लिहिते आहे ते लिहायची मला लाज वाटते, तरी लिहिते.

पंधराव्या दिवशी मी पेटीतली वाटी भरत होते. मनवा चटईवर रडायला लागली. वैजंता जवळच होती. तिनं सहज, अगदी सहज, दोन्ही हात पुढे केले. आणि माझे पाय माझ्याआधी धावले. मी लेकीला उचललं, छातीशी घट्ट धरलं. "झोपेला आलीय गं ती," मी म्हटलं, "उगाच चिडेल."

पुढे आलेले हात हवेत क्षणभर थांबले. मग ते सावकाश मागे गेले, आणि त्यांनी अर्धी भरलेली पाण्याची वाटी उचलली. "मी भरते," ती म्हणाली. एवढंच.

नऊ अंडी तिच्या हातात देणारी मी. एक लेक मात्र नाही. त्या दिवशी मी मनवाच्या तळपायाला काजळाचा ठिपकाही लावला, आणि स्वतःला सांगितलं, सवय आहे. सवय नव्हती. भीती होती. तानूकाकूंची भीती त्यांच्या तोंडात होती. माझी हाडांत होती, हसऱ्या, सुशिक्षित, सावध हाडांत.

एकविसावा दिवस उगवला. काचेखाली काही हललं नाही.

अंगणात बाया हुरड्याची कणसं चोळत बसल्या होत्या. पाठीवर ऊन, मांडीवर सुपं, ओठांवर आमची पेटी.

"एकवीस झालं की गं आज."

"हात लागलाच शेवटी."

"मास्तरीण शिकलेली हाय बाई, तिला कोण सांगणार."

भिंतीपलीकडे भांडी घासल्याचा आवाज चालू होता. तो थांबला. मग दार लोटल्याचा आवाज आला. त्या दिवशी वैजंता आली नाही, सांजेलाही नाही. बाविसाव्या दिवशी सकाळीही नाही.

मी पेटीपाशी बसून राहिले. झाकण उघडून एखादं अंडं नखानं टोकरावं, बघावं, सोडवावं, असं शंभरदा वाटलं. उघडलं नाही. शेवटच्या दिवसांत झाकण उघडलं की आतली ओल उडते, आणि कवचाखालचा पापुद्रा पिल्लाच्या अंगावर वाळून आवळला जातो. आईच्या घाईनंच ते गुदमरतं. मी हात मांडीखाली दाबून बसले आणि काचेतून नुसती पाहत राहिले.

आणि पाहता पाहता दिसलं. थर्मामीटर वर टांगलेलं, बल्बच्या शेजारी. अंडी खाली, तळाशी. बावीस दिवस मी बल्बची ऊब मोजत होते, अंड्यांची नव्हे. पौषाची थंडी तळातून चढत होती, आणि पिल्लं हळूहळू, गारठ्यागणिक थांबत थांबत वाढत होती. उशीर झाला तो माझ्या चुकीनं. कुणाच्या हातानं नाही.

मी उठले. मनवाला कडेवर घेतलं. अंगणात आजही जमलेल्या बायांच्या मधून, सुपांच्या मधून, थांबलेल्या बोलण्याच्या मधून चालत गेले आणि वैजंताचं दार ढकललं.

ती भिंतीला टेकून बसली होती. "नगं वहिनी. पिल्लं बाहेर आली की येते मी."

"आत्ता चल."

"न्हाई फुटली तर?"

"तर नाही फुटली. दोघी बसू." आणि मी लेक तिच्यापुढे धरली. "हिला घे. माझा हात भरून आलाय."

तिनं घेतलं नाही. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं, पंधरावा दिवस आठवत असल्यासारखं. मी हात मागे घेतले नाहीत. मनवानंच पुढे झेप घेतली आणि तिच्या पदराचा काठ मुठीत धरला.

मग आम्ही निघालो. दारापासून माझ्या उंबऱ्यापर्यंत तीस पावलं. पुढे ती, मागे मी. तिच्या कडेवर माझी लेक, माथ्यावर ऊन, दोन्ही बाजूंना सुपं धरून थिजलेल्या बाया. एकही अंडं फुटलं नव्हतं. एकाही अंड्याची साक्ष आमच्या बाजूला नव्हती. तरी वैजंता ताठ चालली, मोकळ्या मानेनं, मंद पावलांनी, भरलेल्या कडेनं.

तानूकाकू उठून मागोमाग आल्या. "पोरीला तरी ठेवायची व्हतीस," त्या कुजबुजल्या.

"तिच्याकडेच ठेवलीय," मी म्हटलं.

ऊन कलायला लागलं तेव्हा एका अंड्यावर टाचणीएवढा तडा गेला. मग आतून आवाज आला, ओला, ओरखड्यासारखा, हट्टी. तडा वाढला, वळसा घालत गेला, टोपण ढकललं गेलं, आणि एक भिजलेला, लडबडता, लहानशा चोचीचा जीव बल्बच्या उजेडात आडवा पडून धापा टाकू लागला. मग दुसरा. मग आणखी. सांज होईपर्यंत सात.

"सात," काकू म्हणाल्या. "आन ती दोन?"

"ती दोन माझ्या थर्मामीटरनं नेली."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग वैजंताकडे, मग तिच्या मांडीवर झोपलेल्या मनवाकडे. "मास्तरीण, पिल्लांपेक्षा तुझी जीभच बरी उबवलीय," त्या म्हणाल्या आणि कण्या आणायला गेल्या.

जूनमध्ये नवऱ्याची बदली झाली. पिल्लं वैजंताकडे ठेवून आम्ही कोकणाच्या बाजूला आलो. दिवाळीत तिचा फोन आला. बोलता बोलता अडखळली, मग म्हणाली, सहावा महिना लागलाय. मी विचारलं, सोबतीला कोण आहे? ती म्हणाली, कोंबड्या हायत की. आणि हसली.

आज नऊ दिवस झाले, फोन वाजतो आणि कुणी उचलत नाही. तिचा नवराही नाही, तानूकाकूही नाहीत. इथून गाडी परवाची आहे, आणि मी निघणार आहे. पण तुम्ही त्या बाजूचे असाल, जवळच असाल, तर माझी वाट बघू नका. ओढ्याच्या पलीकडे शाळा आहे, शाळेमागे बुटक्या भिंतीचं घर. दार लोटलेलं असेल, ढकला. आत वैजंता असेल, किंवा नसेल तर कुठे नेलं ते शेजारी विचारा, उत्तर मिळेपर्यंत विचारा. असली, तर तुमच्या कडेवर लेकरू असेल ते आधी तिच्याकडे द्या. मग तिच्या शेजारी जमिनीवर बसा, आणि हलकेच विचारा, जेवलीस का.