पायलचा ढावलो

घाटंजीच्या स्टँडवर उतरली तेव्हा दुपट्टा डोळ्यापर्यंत बांधलेला होता. उन्हाळ्यात आमच्याकडे साऱ्याच पोरी तोंड बांधून फिरतात, कोणाले काही वाटत नाई. म्हणून मले उन्हाळा आवडते. बाकीच्या दिवसात हनुवटीवरचे केस झाकाव लागते, कोणी पाहून राह्यलं की मान खाली घालाव लागते. एसटीत कंडक्टरनं दोनदा विचारलं, "कुठे जाची?" मी बोर्डाकडे बोट दाखवलं. त्याले वाटलं मुकी हाय. वाटू दे म्हणलं मनात.

मी वर्षा राठोड. गोळा फेकणारी. शाळेच्या मैदानावर चुन्याच्या रेघा संपत अन् माहा गोळा त्यांच्या पल्याड पडे. पेपरात फोटो आलता. बानं तो पेपर घडी करून खिशात ठेवला, अन् तांड्यावर, म्हणजे आमच्या बंजारा वस्तीत, येणाऱ्या-जाणाऱ्याले दाखवे. घडीवर घडी पडून माहं तोंडच फाटलं त्याच्यातलं, तरी दाखवे.

मंग मोठ्या शहरातल्या अकादमीत गेली. तिथले सर लय गोड बोलणारे. "बेटा, ताकदीचं हाय, सारेच घेतात," म्हणे. अन् घेतच होते सारे. कायचं इंजेक्शन हाय विचारलं तं म्हणे व्हिटामिन. असलं कसलं व्हिटामिन बाप्पा, की माही पाळी बंद पडली, पाठभर फोड आले, अन् कोणी बादली जरा सरकवली तरी मी अंगावर धावून जाओ. पण गोळा दूर पडून राह्यला होता ना, मंग कोण कायले बोलते. मी बी नाई बोलली. आवाज बसला तं म्हणलं सर्दी हाय. ती सर्दी काही गेलीच नाई.

पुढं एका स्पर्धेत लघवी तपासली, त्यात सापडलं, बंदी आली. सरांचा फोन तेव्हापासून लागला नाई. दवाखान्यात डॉक्टरीणबाईनं गळ्यात दुर्बीण घालून पाह्यलं अन् म्हणाल्या, "इंजेक्शन बंद केलं ते चांगलं केलं. पाळी येईल, फोड जातील, लिव्हरची सूजही उतरेल. आवाज मात्र परत येणार नाही. गळ्यातल्या पट्ट्या एकदा जाड झाल्या की झाल्या." इतकं सरळ मले पह्यल्यांदाच कोणी सांगतलं होतं. बाहेर पायरीवर बसून मी रडली. रडणं बी बाप्या माणसाच्या आवाजात निघे, म्हणून तोंडात दुपट्टा कोंबला.

घरी लिहून कळवलं, खेळ सोडला, नोकरी लागली. यवतमाळले कपड्याच्या दुकानाच्या गोदामात गठ्ठे सोडायचं काम धरलं. तिथं बोलायचं काम पडत नाई. रूमवर येऊन कुकर लावला की त्याच्याशीच दोन शब्द बोलून घेओ, नाई तं जीभ जड पडते. तांड्यावर मी फक्त मेसेज करे. पायल, माही लहान बहीण, बाले वाचून दाखवे. फोन आला की मी कापे अन् लिहे, कामात हाय. बा म्हणे, पोरगी मोठी साहेबीण झाली.

एक दिवस मले ताप होता. झोपेतच फोन उचलला अन् हॅलो म्हणलं.

"कोन बे तू?" बाचा आवाज होता. "माही पोरगी कुठी हाय? दे तिले फोन."

"बा, मी हाय. वर्षा."

"माह्याच पोरीचं नाव घेऊन मस्करी करतं काय बे? तिच्या रूममंधी काय करून राह्यला तू?" मंग त्यानं ज्या शिव्या देल्या, त्या मी त्याच्या तोंडून कधी आयकल्या नव्हत्या. बैलाले बी देत नाई तो तशा. मी फोन ठेवून देला.

दोन दिवसात तांडाभर झालं, रामलालची पोरगी कोण्या माणसासंग राहून राह्यली. उचलली जीभ अन् लावली टाळ्याले. खरं सांगाचं तं मी बी ते खोडलं नाई. पोरगी माणसासंग राहते, हे लोकायले समजते. पोरीच्याच गळ्यात माणूस येऊन बसला, हे कसं समजवावं? झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणलं. बानं त्या दिवसापासून माहं नाव घेणं बंद केलं. मी मेसेज करे, पायल दोन शब्दाचं उत्तर दे. दिवाळीले मी रूमवर एकटी होती. शेजारच्या बाईनं करंज्या आणून देल्या, मी हात जोडले, ती बी हात जोडून चालली गेली.

मंग पायलचं लग्न ठरलं अन् तिनं मोबाईलवर आवाज भरून पाठवला. "बाई, त्याले आनू नको. तू एकटी ये. याडी असती तं तिच्या गळ्यात पडली असती. तू नाई आली तं ढावलो कोनाच्या गळ्यात पडून म्हनू?"

बाई म्हणजे आमच्यात मोठी बहीण, अन् याडी म्हणजे आई. पायल लहान होती तेव्हाच गेली. अन् ढावलो म्हणजे आमच्यात नवरी सासरी जाताना रडत म्हणते ते गाणं. त्याले ठरलेले शब्द नाई. पोटात असन ते ओठावर आणाचं. नवरी एकेकीच्या गळ्यात पडते, अन् जिच्या गळ्यात पडली तिले रडत गाऊन उत्तर द्या लागते. आता लग्नात डीजे वाजते, पोट्टे कपडे फाटेपर्यंत नाचतात, पण ढावलो कोणी सोडला नाई. जी बाई उत्तर देत नाई तिनं नातं तोडलं, असं समजतात.

म्हणजे माहं पक्कं मरण होतं. गेली नाई तं पायल हातची सुटली. गेली अन् गप राह्यली तरी सुटली. तोंड उघडलं तं झाकलेली मूठ साऱ्या तांड्यासमोर उघडी.

तांड्यावर पोचली तं बा मांडवाच्या दोऱ्या आवळून राह्यला होता. त्यानं मले पाह्यलं अन् गाठ सोडून पुन्हा बांधाले लागला. बरीच बारीक वाटली मले त्याची पाठ. आत्या मोतीबाई मात्र समोर आली. "एकटीच आली? जावाई कुठी ठेवला?" बाया हासल्या. मी गळ्याले हात लावून खुणेनं सांगतलं, घसा बसला. "अवो, बसनच," आत्या म्हणे, "शहरात भांडाले जोर लागते." मंग आपणच पाण्याचा गिलास आणून माह्या हातात देला. हळद लावताना पायल माह्याकडे पाहे अन् मी तिच्याकडे. दुपट्टा मी सोडलाच नाई. तोंड दाबून बुक्क्याचा मार म्हणतात, तो असाच असते.

लग्न लागलं, पंगती उठल्या, ऊन उतरलं. गाडी येऊन उभी राह्यली अन् डीजे बंद झाला. बाया घरात गोल करून बसल्या. पायल सरळ माह्याकडे आली अन् दोन्ही हातानं माह्या गळ्यात पडली.

तिनं सुरू केलं. याडी गेली तेव्हा तू माही वेणी घातली, बाई. तुह्या ताटातला गुळाचा खडा मले देला, बाई. तिचा आवाज पातळ, वर चढणारा, याडीसारखा. पह्यले माहाही तसाच होता. आम्ही दोघी होळीले गात असो तं आत्याले वळखू येत नव्हतं, कोणती कोणती हाय.

ती थांबली. मी उत्तर द्याचं होतं. मी नुसती तिची पाठ चोळून राह्यली. बाया एकमेकींकडे पाहाले लागल्या. पायलनं पुन्हा धरलं, या वेळी हळू, माह्या कानाशी. तू बी बोलत नाई, बाई. मंग मी सोडून कोणाले चालली? सोडून जावं असं मले तं कोणी उरलंच नाई.

हे मले सोसलं नाई. आग लागो त्या झाकल्या मुठीले.

मी दुपट्टा खाली ओढला अन् गायली. तुही वेणी माह्या हातानं घातली, पोरी, ते हात अजून हायत. तुले शाळेत मी खांद्यावर नेलं, पोरी, तो खांदा अजून हाय. एक गळाच तेवढा गेला, पोरी. तो इंजेक्शनात गेला.

आवाज खाली-खाली चालला, भिंतीले लागून परत आला. एका बाईनं मागं वळून पाह्यलं, बायांमंधी कोण माणूस शिरला म्हणून. मंग तिनं माह्या तोंडाकडे पाह्यलं अन् पदर तोंडाले लावला. पायल दचकून मागं सरली. तिनं माही हनुवटी पाह्यली, गळा पाह्यला, अन् त्याच गळ्यात पुन्हा पडली, पह्यल्यापेक्षा घट्ट. आम्ही दोघींनी ढावलो पुरा केला. तिचा आवाज वर, माहा खाली. कोणी हासलं नाई. आत्या मोतीबाई माही पाठ चोळून राह्यली होती.

दारात बा उभा होता, हातात पाण्याचा जग. तो कधी आला ते मले माहीत नाई. पाणी सांडून त्याच्या नव्या चपला भिजून राह्यल्या होत्या.

गाडी गेली. धूळ खाली बसली. बाया आपापल्या घराकडे पांगल्या अन् मांडवात आम्ही दोघंच उरलो. तो खुर्च्या एकात एक घालत होता, मी त्याले उचलून देत होती.

"त्या दिवशी फोनवर..." बा म्हणे. माह्या हातातली खुर्ची त्यानं घेतली.

"हाव."

"मंग तू सांगतलं काहून नाई?"

"सांगतलं होतं ना, बा. मी वर्षा हाय, असंच सांगतलं होतं."

त्याच्या हातातली खुर्ची तशीच राह्यली. मंग तो तिच्यावरच बसला. माह्याकडे पाहून त्यानं मान खाली घातली अन् डोळे मिटून घेतले.

"मले हाक मार एकदा," म्हणे.

"बा."

"आखीन."

"बा."

"मारत राह्य," तो म्हणे. डोळे मिटलेलेच होते. "वळखू येऊ दे मले."