निळ्या पट्ट्यातले काका

शिवणवाल्या काकूंच्या बैठकीच्या खोलीत त्या दुपारी एकोणीस माणसं दाटीवाटीनं बसली होती. त्यातली अठरा टीव्हीसमोर हात जोडून होती. एकोणिसावा मी. हात माझेही जोडलेले होते, पण ते थंडीमुळे, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं.

टीव्ही नवा कोरा होता. त्याच्यापुढे काकांचं जुनं व्हिडिओ गेमचं मशीन ठेवलेलं. काकांना जाऊन वर्ष झालं होतं. हयात असताना ते दुकान बंद करून आले की तासभर या मशीनवर छत्रीवाल्या उंदराला उड्या मारायला लावत, आणि दिवसभर इस्त्री करताना त्याच खेळाची धून शिट्टीवर वाजवत. काकू ती शिट्टी विसरू लागल्या होत्या. म्हणून परवा त्यांनी धीर करून मशीन नव्या टीव्हीला जोडलं. धून एकदा ऐकावी, एवढंच मनात होतं.

धून आली नाही. उंदीर आला, पण राखेसारखा करडा. छत्री करडी, आकाश करडं. आणि त्या करड्या चित्रावरून निळे-लाल पट्टे धुरासारखे थरथरत सरकू लागले.

काकू किंचाळल्या. शेजारीण धावली. शेजारणीच्या ओळखीत वायरबाबा होते.

वायरबाबा म्हणजे काळा झगा, कपाळाला खाण-कामगाराची असते तशी बॅटरी आणि गळ्यात करंगळीएवढ्या जाड वायरींची माळ. ‘यंत्रात अडकलेल्या आत्म्यांची सुटका’ ही त्यांची खासियत. साध्या, यंत्राबाहेरच्या आत्म्यांकडे ते बघतही नसत.

“वाचा गेली आहे त्यांची,” बाबांनी पडद्याकडे बघत निदान केलं. “आवाज निघत नाही, म्हणून रंगातून बोलताहेत! प्रश्न विचारा. निळा पट्टा उमटला तर ‘हो’.”

त्यांनी खेळ सुरुवातीच्या यादीवर आणून थांबवला. तिथे धून वाजत नाही, त्यामुळे पडदा स्वच्छ करडा झाला. गेमचा रिमोट बाबांच्या मांडीवर, झग्याच्या घडीत होता. ‘आत्म्याला धरायला मूठ लागते’ म्हणून.

“अहो...” काकूंचा आवाज चिरकला. “तुम्ही आहात का तिथे?”

पडद्यावरून निळी लकेर सळसळत गेली. खोलीतून एकच सुस्कारा निघाला. माझाही त्यात थोडा होता.

“त्रास होतोय का तुम्हाला?”

निळी लकेर. दोनदा.

काकूंनी पदराने डोळे टिपले. बाबांनी योग्य तेवढा वेळ थांबून सांगितलं, “मशीन घरात आहे तोवर सुटका नाही, माउली. मी घेऊन जातो. आजच. खेळाची कॅसेटही द्या, अर्धा जीव तिच्यात आहे.”

कॅसेटमध्ये काकांनी केलेला सगळ्यात मोठा स्कोअर नावानिशी साठलेला होता. ती द्यायची म्हणजे काय, हे काकूंच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण नवऱ्याचा छळ होतोय म्हटल्यावर बिचारीने मान डोलावली आणि त्या मशीनला कवटाळून बसल्या.

तेवढ्यात दारातून आवाज आला. “वहिनी, दार उघडं टाकून कसलं संमेलन भरवलंयस?”

काकूंची नणंद होती. काकांची धाकटी बहीण, पेशाने कानांची डॉक्टर. ती लोकांना काचेच्या खोलीत बसवते, कानाला यंत्र लावते, आणि ‘टुक’ ऐकू आलं की बटण दाबा म्हणते. तीस वर्षं तिने माणसांचे अंगठे पाहिले आहेत. न ऐकता कोण बटण दाबतं, हे ती अंगठ्यावरून सांगते.

बाबांनी तिच्यासमोर आणखी दोन प्रश्न विचारायला लावले; ती प्रश्नोत्तरं तिने उभ्यानेच पाहिली. मग म्हणाली, “बाबा, तो रिमोट जरा इकडे द्या.”

“अपवित्र होईल!”

“हात धुवून आलेय. द्या.”

तिने रिमोट टीपॉयवर ठेवला, सगळ्यांना दिसेल असा. “दादा, मी तुझी बहीण. लहानपणी तू मला झाडावर चढवून शिडी काढून घ्यायचास, आठवतं का?”

पडदा करडाच राहिला.

“आत्मा रुसला,” बाबा म्हणाले.

“शिडीवरून? तेव्हा तर फार हसायचा.” तिने टीपॉयवरच्या रिमोटचं बटण दाबलं. निळी लकेर सळसळली. पुन्हा दाबलं, पुन्हा सळसळली. “यादीत वरच्या ओळीवर असताना आणखी वर जायचं बटण दाबलं, की हे मशीन जागचं हलत नाही, नुसतं ‘टुक’ करतं. मी आणि दादा शर्यत लावायचो त्या ‘टुक’ची. प्रश्न एवढाच, की ते ‘टुक’ ऐकू येण्याऐवजी दिसतंय कशामुळे?”

आता काकू उठल्या. डोळे पुसले आणि टीव्हीच्या मागे गेल्या. “वायरी मीच लावल्यात गं. यांनी बांधलेल्या गाठी बघून.”

काकांना रंगांतला फरक नीट कळत नसे. म्हणून त्यांनी प्रत्येक वायरच्या टोकाला शिवणाचा दोरा बांधला होता. पिवळ्याला एक गाठ, पांढऱ्याला दोन, लालला तीन. जुन्या टीव्हीला तीनच भोकं होती. एक, दोन, तीन, संपलं. काकूंनी इथेही रंग न बघता, गाठी मोजून, पहिल्या ओळीतल्या तीन भोकांत वायरी घातल्या.

“हिरवं, निळं, लाल,” डॉक्टरीणबाई वाकून वाचू लागल्या. “अगं, ही तिन्ही चित्राची भोकं आहेत! पिवळी हिरव्यात गेलीय, म्हणून चित्र आलं पण रंग नाही आला. आवाजाच्या दोन्ही वायरी निळ्या-लाल भोकांत. टीव्ही बिचारा आवाजालाच रंग समजून दाखवतोय. पण मग पिवळं भोक कुठंय?”

काकूंनी नव्या टीव्हीला हौसेनं शिवलेल्या खोळीची झालर कात्रीच्या टोकानं वर केली. खाली दुसरी ओळ होती. पिवळं, पांढरं, लाल.

खोलीत कोणीतरी खुदकन हसलं. एक, दोन, तीन. काकूंनी स्वतः वायरी घातल्या. नणंदेने टीव्हीच्या रिमोटवरून चित्र दुसऱ्या ओळीतून घ्यायला लावलं आणि खेळ सुरू केला. छत्री लाल झाली, आकाश निळं झालं, आणि ती धून खणखणीत वाजू लागली. इस्त्रीच्या वाफेत रोज ऐकलेली. काकू खुर्चीत टेकल्या आणि ओठांचा चंबू करून शिट्टी मारायला लागल्या. बेसूर, पण तीच.

वायरबाबा एव्हाना दाराशी पोचले होते. घाईत त्यांची पिशवी शेजारणीच्या पायात अडकली आणि आतून खोका घरंगळला. मशीन अलगद बसेल असा कापलेला, आत फुगेवालं प्लास्टिक. खोक्यावर दूरच्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानाचा पत्ता, आणि खाली ‘नाजूक. उलटे ठेवू नये.’

“आत्म्यालाही उलटं ठेवत नाहीत वाटतं?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं. आता बाबांचीच वाचा गेली होती.

एक मात्र कबूल करायला हवं. ‘आवाज निघत नाही, म्हणून रंगातून बोलताहेत’ हे बाबांचं वाक्य जवळजवळ शब्दशः खरं होतं. त्यांनी फक्त वायरीचं श्रेय काकांना दिलं. लबाडी बहुतेक वेळा अशीच असते. पुढून खरी घटना, मागून खोटं कारण. म्हणून माझी वाचकांना साधी विनंती. अद्भुत काही दिसलं, तर घाबरण्याआधी आणि हात जोडण्याआधी उठा, त्याच्या मागे जा, झालर उचला. बोलणाऱ्याला हात समोर ठेवायला सांगा आणि तोच प्रश्न पुन्हा विचारा. खरं असेल ते दुसऱ्यांदाही उत्तर देईल. आणि दुःखी माणसाकडून कोणी वस्तू मागायला लागलं, तर आधी त्याची पिशवी बघा.

काकू आता रोज तासभर खेळतात. काकांचा स्कोअर अजून मोडलेला नाही. मोडायचा नाही म्हणून त्या शेवटच्या उडीला मुद्दाम चुकतात, असं नणंदेचं म्हणणं आहे. तिने अंगठा पाहिलाय.