खाच

"आबा, आज तरी बटण दाबू या का?" मोनालीने लॅपटॉप रामभाऊंकडे वळवला.

जळोचीतल्या आपल्या दुकानात रामभाऊ पाण्यातली मोटर उघडून बसले होते. खाचांमध्ये तांब्याची तार बसवता बसवता त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. हा तिसरा रविवार; तिन्ही वेळा कुठल्या ना कुठल्या मोटरचं निमित्त झालं होतं.

बटण दाबायचं म्हणजे प्रियदर्शनीचं काम परक्याच्या हवाली करायचं. त्यांची ही एकुलती एक लेक फेब्रुवारीत तापाने गेली. दिवसा ती एमआयडीसीत नोकरी करायची आणि घरी आली की हातात धरून खेळायच्या गेमयंत्रांसाठी एक लायब्ररी, म्हणजे इतरांनी आपल्या प्रोग्रॅममध्ये जोडायचा तयार कोड, लिहायची. तिचं काम एकच: यंत्राचा मूळ प्रोग्रॅम, म्हणजे फर्मवेअर, दाबून छोटा करायचा आणि यंत्र चालू होताना जसाच्या तसा उलगडायचा. फुकट, कुणीही वापरा. 'खाच' हे नाव तिने बापाच्या धंद्यातूनच उचललं होतं. इवल्याशा जागेत जास्तीत जास्त तार, एवढं रामभाऊंना बरोबर कळायचं. बाकी सगळं डोक्यावरून जायचं.

जगभरचे लोक अजून तिच्याच नावाने पत्रं पाठवत होते. त्यांनी सुचवलेल्या दुरुस्त्या अडून पडल्या होत्या. त्यांच्यातलाच एक, फिनलंडचा युहानी, सगळं सांभाळायला तयार होता. प्रियाची मैत्रीण मोनाली इंदापूरहून येऊन ती पत्रं मराठीत वाचून दाखवायची. 'प्रिय प्रियदर्शनी' ऐकलं की रामभाऊंना वाटायचं, पोरीला अजून कुणीतरी हाक मारतंय. बटण दाबलं की तेही बंद.

"युहानीनं एक इचारलंय, आबा. चाचणीसाठी प्रियानं आवाजाची एक फाईल ठेवलीय. भाषा कुठली त्याला कळंना. काढू का म्हणतोय."

"लाव बघू."

मोनालीने फाईल लावली. लॅपटॉपमधून प्रियाचा आवाज आला:

"आबा, हात धुवा आन् या. भाकर गार झाली." मागे लाकडी हातोडीची ठकठक, आणि मग रामभाऊंचाच आवाज: "आलो गं, एवढं झालं की."

रामभाऊंच्या हातातली तार सुटली. पोरीचे फोटो होते. आवाज कुठेच नव्हता.

"परत लाव."

तिसऱ्यांदा ऐकून ते रडायला लागले. "एवढं झालं की म्हनायचो आन् तासभर उठायचो न्हाय. तिची आई गेल्यापास्नं ती तशीच ताटं झाकून बसायची. उपाशी."

मोनालीने डोळे पुसले. "आबा, कुणी काय बी बदललं तर कॉम्प्युटर आधी हाच आवाज दाबतो, उलगडतो आन् ताडून बघतो. कणभर फरक पडला तरी बदल घेत न्हाय."

"म्हंजी ती अजून हाक मारतीया?"

"काम चालू असलं तर. फेब्रुवारीपास्नं बंदच हाय."

रामभाऊंनी स्टूल लॅपटॉपजवळ ओढलं. मग म्हणाले, "दाखव कुठलं बटण. आन् त्याला लिव, समदं घे, पर ती फाईल काढू नको."

"भाषा कुठली सांगू?"

"आमची म्हनावं. जळोचीची."

"आन् अर्थ?"

"जेवाय बोलावतीया."

ग्रीसने चिकट झालेल्या बोटाने त्यांनी बटण दाबलं. मग मोटर तशीच उघडी ठेवून ते नळावर गेले, साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले आणि मागच्या खोलीत गेले.

दारात गिऱ्हाईक आलं. "रामभाऊ, झाली का मोटर?"

"थांबावं लागंल," मोनाली म्हणाली. "आबा जेवाय बसल्यात."