ताईला न दिलेला अर्क

धाकटी प्रयोगशाळेत केमोचं औषध दिलेल्या उंदरांना एका मुळीचा अर्क पाजत होती. त्यांची मूत्रपिंडं शाबूत राहिली होती. त्याच औषधाने इस्पितळात तिच्या ताईची मूत्रपिंडं मात्र निकामी होत चालली होती.

"मला दे की गं थोडा," ताई म्हणाली. "उंदरांपेक्षा मी का परकी?"

"माणसांवर तपासलेला नाही, ताई. उलटा बाधला तर?"

"बाधायला आता उरलंय काय?" ताई हसली. मग तिनेच धाकटीचे डोळे पुसले. "राहू दे. उगाच जन्मभर जिवाला लावून घेशील."

ताई गेली. भावजींनी हळूच विचारलं, "दिला असता, तर वाचली असती का गं?"

"माहीत नाही, भावजी," धाकटी म्हणाली. तिला खरंच माहीत नव्हतं, आणि तेच तिला सोसवत नव्हतं.