जुन्या आवृत्तीचा आत्मा

सुनंदाताईंची नोकरी वाचली. हे वाक्य आपण वाचलंच नाही असं समजा; कारण गोष्ट सुरू होते तेव्हा ती गेल्यात जमा होती, आणि मोतीलाल नानांच्या जळगावच्या डाळमिलमध्ये माणसं खिडकीच्या गजांना लटकून कॉम्प्युटरचा आत्मा बघत होती.

झालं असं. सत्त्याण्णवच्या दसऱ्याला नानांनी मुहूर्त साधून डेटाबेसची नवी आवृत्ती बसवून घेतली. बसवली ऑपरेटर सुनंदाताईंनी. ट्रकचं वजन टाकलं की पावती काढणारा प्रोग्रॅम मात्र जुनाच, मिलसाठी खास लिहून घेतलेला. मॉनिटरला हळदकुंकू वाहून नाना म्हणाले, "नवी मूर्ती आली, आता जुनीचं विसर्जन. एका देव्हाऱ्यात दोन गणपती ठेवत नाहीत."

"नाना, जुनं थोडे दिवस राहू द्या," ताई म्हणाल्या.

पण आरती झाली, जुन्या आवृत्तीचा अख्खा फोल्डर पुसला गेला, आणि तिच्या फ्लॉप्या मेहरूण तलावात सोडण्यात आल्या. त्या बुडेनात, तेव्हा नथ्थू हमालाने बांबूने ढोसल्या.

दुसऱ्या दिवशी प्रोग्रॅम उघडेना. फाटकात ट्रक अडले. नानांनी इंजिनियर बोलावला नाही. सोनगीरहून संगणकसिद्ध भटूगिरी महाराज आणले.

"जुनी आवृत्ती अतृप्त गेली, नाना," महाराज म्हणाले. "तिच्या पोटात लाखो बिट होते. एकालाही कुणी पाणी पाजलं नाही." मग बोट ताईंकडे वळलं. "आणि या बाईचा हात कडक आहे. मशीनला सोसत नाही. सोमवारपासून इथे नको."

कॉम्प्युटरच्या खोक्यावर लाल कापड पडलं. "डोळे मिटा! आत्म्याला लाज वाटते!" महाराजांचे हात कापडाखाली गेले. आतून गर्रर्र, खट्‌-खट्‌ असा आवाज आला.

"आत्मा शे भो, आत्मा!" नथ्थू ओरडला.

पावती निघाली. महाराज पुरणपोळी जेवून गेले, आणि प्रोग्रॅम पुन्हा बंद. आत्मा बहुधा त्यांच्याबरोबर जेवायला गेला होता. "पूर्ण शांत होईपर्यंत रोज यावं लागेल," असं जाताना सांगून गेले. नानांनी सोमवारसाठी दुसरा ऑपरेटर शोधायला माणूस पाठवला.

ताईंनी आपले शाळेतले विज्ञानाचे कादर सर गाठले. "सर, मशीन माझ्यावर रुसलंय म्हणतात."

"रुसायला आधी सासर लागतं, सुनंदा. तो आत्मा आवाज कसा करतो?"

"गर्रर्र. मग खट्‌-खट्‌."

"हं. शाळेतल्या कॉम्प्युटरचाही तसाच करतो. फ्लॉपी घातली की."

शनिवारी सर डाळ घ्यायला आल्यासारखे आले. महाराजांनी कापड टाकलं, सगळ्यांनी डोळे मिटले, सरांनी नाही. गर्रर्र झालं. त्यांनी कापड उचललं आणि खोक्यातून फ्लॉपी काढून घेतली. पडद्यावर चूक झाल्याची सूचना आली. महाराजांनी मंत्राचा आवाज वाढवला.

"घसा कशाला ताणता?" सर म्हणाले. "तुमचा आत्मा माझ्या खिशात आहे."

मग ते नानांकडे वळले. "तुमचा प्रोग्रॅम चालताना जुन्या आवृत्तीतल्या एका फाइलची मदत घेतो. नव्या आवृत्तीबरोबर ती येत नाही. तुमची तुम्ही पुसली. यांच्याकडे जुन्या आवृत्तीची फ्लॉपी आहे, एवढीच सिद्धी. फाइल मशीनमध्ये उतरवली असती तर काम कायमचं झालं असतं, पण पुरणपोळी बुडाली असती."

नानांचा संशय जाईना. "आणि हिच्या हाताचं काय?"

"तपासू."

ताईंनी फाइल मशीनमध्ये उतरवली. मग फ्लॉपी महाराजांच्या हातात दिली आणि महाराजांना फाटकाबाहेर उभं केलं. कापड नाही, मंत्र नाही, डोळे सगळ्यांचे उघडे. ताईंनी आपल्या कडक हाताने वजन टाकलं. पावती निघाली.

नथ्थू गोंधळला. "मंग आत्मा?"

"बाहेर शे," सर म्हणाले. "रिक्षा बघतोय."

तेव्हा मंडळी, नवं बसवताना जुनं लगेच पुसू नका. त्याच्या आधाराने काय काय चाललंय ते आधी पाहा. आणि चमत्कार दाखवणारा डोळे मिटायला सांगेल, तेव्हा नेमके ते उघडे ठेवा.

नानांना हे पटलं, पण दोष कुणाला तरी द्यायला हवाच होता. सोमवारी त्यांनी सॉफ्टवेअर कंपनीला अर्ज सांगितला. टाइप केला सुनंदाताईंनी:

"सबब विनंती की, यापुढे नवी आवृत्ती काढण्यापूर्वी आमच्या मिलच्या जुन्या प्रोग्रॅमचे लेखी ना-हरकत पत्र घ्यावे, तसेच आपल्या अधिकाऱ्याने जातीने येऊन आमच्या फ्लॉप्या तलावातून सन्मानपूर्वक बाहेर काढून द्याव्यात. कळावे."