बोटं मागे वळणारी माणसं

मलमाच्या ट्यूबचं झाकण हरवलं होतं आणि तोंडाशी मलमाने सुकून पिवळट पापुद्रा धरला होता — नाकातल्या मेकडासारखा, असं तिच्या मनात आलं, आणि तिने ती ट्यूब मेलेली पाल उचलावी तशी दोन बोटांत धरून खिडकीत नेऊन ठेवली. थोरल्या लेकीने आणलेली. थोरली काहीही आणते. तुझ्या गुडघ्यांना चोळ, म्हणे, आणि धाकट्या भावालाही चोळ. धाकट्याला मलम चोळायचं! ज्याला सदऱ्याच्या मानेवरची चिठ्ठी कापून काढल्याशिवाय सदरा घालवत नाही, त्याला हे चिकट, वासाचं... आणि खरं सांगायचं तर तिला स्वतःलाही ते चिकट सोसत नव्हतं, बोटाला लागलं की शिसारी थेट दाढेपर्यंत जायची. पण हे ती कुणाला सांगणार नव्हती. घरात अशी नाटकं करायला एक पुरे होता.

खाली तिच्या लाँड्रीत वाफ सुटली होती. जन्म गेला तिचा लोकांच्या मळात. माणूस कसा आहे हे तिला तोंडावरून नाही, कॉलरवरून कळायचं — वरून अत्तर आणि आत मानेचं काळं तेल. रुमालात तर लोक काय काय गुंडाळून पाठवतात, देवा. धाकटा मात्र स्वच्छ. वयाची तिशी आली, पण अंगाला वास म्हणून नाही. कपड्यांच्या घड्या अशा घालायचा की काठाला काठ, जणू कापड तसंच विणलेलं. घालायचा. आता घालत नाही. टेबलाशी उभा राहिला की थोड्या वेळाने घसरत खाली जातो, बेडकासारखे पाय दोन्हीकडे टाकून जमिनीवर बसतो, आणि उठ म्हटलं की स्वतःचं मनगट चावतो.

हट्ट. थोरली म्हणाली हट्ट, मागच्या डॉक्टरनेही मान डोलावून गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी तो शांत झाला — शांत कसला, तोंड उघडं टाकून बसायचा, आणि एकदा त्याची लाळ गिऱ्हाइकाच्या पांढऱ्याशुभ्र चादरीवर तार धरून उतरली, तेव्हा तिने त्याच्याकडे न बघता चादर ओढून घेतली. पोटच्या पोराची किळस... तिने गोळ्या फडताळात वर टाकल्या. त्यावरून थोरलीशी वाजलं, आणि शेवटी ठरलं की आज नवी डॉक्टरीण बघेल. तिनेही स्वभावच म्हटलं, तर गोळ्या पुन्हा सुरू. "आणि मग तू मध्ये पडायचं नाहीस, आई." तिने शब्द दिला होता.

दवाखान्यातल्या खुर्च्या मांड्यांना चिकटत होत्या. शेजारचा माणूस तोंडावर हात न धरता खोकत होता, वर ट्यूबलाइट गुणगुणत होती. धाकट्याने कानांवर हात ठेवले. तिलाही तो आवाज दातांत शिरत होता, पण ती ताठ बसली. कागदावर त्याच्या नावापुढे लिहिलेलं असतं, स्वमग्न. थोरलीने एकदा अर्थ सांगितला होता — आपल्यातच बुडालेला. बुडालेला कुठला! तीन खोल्यांपलीकडे नळ ठिबकला तरी त्याला झोप लागत नाही. बुडालेले तर हे खोकणारे.

डॉक्टरीण वयाने लहान, नखं मात्र कापलेली. तेवढ्यावर तिने त्या पोरीला आपल्यासमोर बसू दिलं.

"दुखतं का कुठे?"

"नाही," धाकटा म्हणाला. सपाट. भिंतीकडे बघत.

"बघा!" थोरली म्हणाली. "तो नाहीच म्हणतो. दुखत असतं तर सांगितलं नसतं? त्याच्या खरं बोलण्याचा तर ताप होतो आम्हाला."

डॉक्टरणीने धाकट्याचा हात हातात घेतला. "अंगठा वाकवून मनगटाला टेकतो?" तिने विचारलं, आणि धाकट्याने अंगठा सहज हातावर झोपवला.

इथे तिला हसू आलं, अभिमानाचं. "त्यात काय? आमच्याकडे सगळ्यांचा टेकतो. हे बघा." तिने आपली बोटं मागे वळवून दाखवली, पार. माहेरी पाहुणे आले की बाप पोरांना ओळीने बसवायचा, दाखवा रे बोटं, आणि ज्याची जास्त वळतील तो मांडीवर. मांडी नेहमी तिची. पुढे झालेल्या थोरलीची बोटं वळली नाहीत. तिला सगळे लाकडी म्हणायचे, लाडाने — थोरली तेव्हा हात पाठीमागे लपवायची. आणि हा धाकटा जन्मला, बोलेना, बघेना, सासरचे कुजबुजू लागले, तेव्हा तिने स्वतः त्याची इवली बोटं सगळ्यांसमोर मागे वळवून दाखवली होती. माझा आहे म्हणून. आमचा.

"सकाळी उठल्यावर काय होतं?" डॉक्टरीण त्याला विचारत होती.

"पाय नसतात."

"मग?"

"मग येतात. खडी भरून."

"ऐकलंत?" थोरली म्हणाली. "हे असं असतं."

"त्यात न कळण्यासारखं काय आहे?" ती खेकसली. "सकाळी पाय नसतातच. हातही नसतात. थोडं हललं की येतात. सगळ्यांचंच असतं ते."

डॉक्टरीण आता तिच्याकडे बघत होती, तिच्या बोटांकडे.

"सगळ्यांचं नसतं, आजी."

आजी! ...पुढे डॉक्टरीण बरंच बोलली — सांधे सैल असतात, जागेवरून सरकतात, स्नायू दिवसभर त्यांना धरून दमतात. स्वमग्न माणसांत हे पुष्कळदा दिसतं, आणि दुखणं त्यांना वेगळं ओळखूच येत नाही. गोळ्या थांबवा, तपासण्या करू. ती ऐकत नव्हती. सगळ्यांचं नसतं. दीडशहाणी.

परत आल्यावर तिने लाँड्रीतल्या बटणं लावणारीला गाठलं. ती आपली जुनी बाई, खोटं बोलायची नाही.

"काय गं, सकाळी उठतेस तेव्हा बोटं मिटतात तुझी?"

"मिटतात की. का हो बाई?"

"लगेच?"

"म्हणजे?" बटणं लावणारी हसली. "सुट्टी घेतात होय बोटं?"

"आणि जिना चढताना गुडघ्यात..."

"गुडघ्यात काय?"

"काही नाही. काम कर."

ती दारात उभी राहिली. रस्त्यावरून माणसं चालली होती — जाडी, घामेजलेली, हातात पिशव्या. पाय उचलत होती आणि टाकत होती, जणू आत काहीच नाही, जणू पाय ही फुकट मिळालेली वस्तू. एक बाई तर बोलता बोलता पायऱ्या चढून गेली. तिला त्या साऱ्यांची, त्यांच्या त्या गुळगुळीत, बिनआवाजाच्या चालण्याची अशी किळस आली, जशी कुठल्या कॉलरची कधी आली नव्हती. म्हणजे इतकी वर्षं ही माणसं अशीच, खडीशिवाय... आणि मी त्यांना आपल्यासारखीच कामसू म्हणत होते!

वर धाकटा जमिनीवर बसला होता. थोरली फडताळातून गोळ्या काढून, पेला भरून उभी.

"डॉक्टरणीने थांबवायला सांगितलंय," ती म्हणाली.

"तिने एकदा बघितलं, आई. मी रोज बघते. काल त्याने मनगटातून रक्त काढलं, ते तू पुसलंस की मी?" थोरलीचा आवाज चिरकला. "तो म्हणतो नाही दुखत. मग मी कशावर विश्वास ठेवू? ...तुला दुखतं का? तू सांग. तू म्हणालीस तर मी मानीन. एकदाच सांग."

दुखतं — हा शब्द तिने कधी तोंडात घेतला नव्हता. कण्हणाऱ्या बायकांचा शब्द, डोक्याला फडकं बांधून पडलेल्यांचा, ओशट, अंगचोर. तिने तो शोधायला म्हणून आत बघितलं, बोटांत, मनगटात, गुडघ्यात, मानेत... आणि कुठे आहे ते सापडेना, कारण कुठे नाही तेच सापडत नव्हतं. सगळं अंग त्या एकाच गोष्टीचं बनलेलं होतं.

"आई?"

धाकटा भिंतीकडे बघत होता. 'नाही' तिच्या जिभेवर येऊन बसलं होतं, तयार, सपाट, अगदी त्याच्यासारखं — दुसऱ्याच्या तोंडातून आपल्या तोंडात आल्यासारखं कोमट. ते गिळवत नव्हतं, आणि थुंकून टाकावं तर त्या जागी येणारा शब्द त्याहून घाण होता, आणि पोर वाट बघत होतं, दोन्ही पोरं.