वेळेवर धावणाऱ्या गाड्या

आमचे हे बस डेपोच्या कंट्रोल रूममध्ये बसतात. एखादी गाडी मागे पडली, की वायरलेसवरून ड्रायव्हरला सांगायचं, "मधले थांबे सोड, थेट ने." शेवटच्या थांब्यावर गाडी वेळेत लागली म्हणजे झालं. मधल्या थांब्यांचं कुणी विचारत नाही. युक्ती ह्यांचीच, त्यामुळे साहेबांची शाबासकीही ह्यांनाच.

मी एका हॉटेलच्या लाँड्रीत इस्त्री करते. म्हणजे करत होते. तिथल्या मुकादमीणबाईंनी सोमवारी बजावलं होतं, "आता एकदा जरी उशीर झाला, तर गेटवरूनच परत जायचं."

मंगळवारी मी मुद्दाम लवकर थांब्यावर गेले. पहिली बस नाकासमोरून निघून गेली. दुसरीच्या ड्रायव्हरनं लांबूनच हात हलवला, जणू मी त्याला टाटा करायला उभी होते. आत निम्म्या सीट रिकाम्या. शेजारी डबे घेऊन उभा असलेला रंगारी म्हणाला, "रिकामीच पळवायची तर बस कशाला, ट्रक घ्या म्हणावं." मला हसू आलं नाही. ह्या गाड्या कोण पळवतंय ते मला ठाऊक होतं. तक्रार तरी कुणाकडे करणार? आपलेच दात, आपलेच ओठ.

शेवटी ह्यांना फोन लावला.

"अहो, पुढची तरी थांबवा. नोकरी जाईल माझी."

"अगं, ती आधीच मागे आहे. थांबली तर आणखी मागे पडेल."

"मग माणसांनी चढायचं कुठे?"

"मागून येतेय ना दुसरी. बायकोसाठी गाडी थांबवली तर इथे लोक माझ्या तोंडात शेण घालतील."

तीही गेली. मी पायीच हॉटेलवर पोचले तेव्हा मुकादमीणबाई गेटवरच उभ्या होत्या. माझ्या टेबलावर दुसरी बाई लागलीसुद्धा होती.

संध्याकाळी हे खुशीत घरी आले. "आज एकूण एक गाडी वेळेवर," म्हणाले.

"माझी नोकरी गेली," मी म्हटलं.

ह्यांना वाईट वाटलं असावं. मग बूट काढता काढता माझी समजूत घालायला म्हणाले, "तसाही तो थांबा बंदच होणार आहे. तिथून कुणी चढतच नाही."

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली, की आवाज उलट खालीच आला. "चढतील कसे?"

ह्यांनी खरंच थोडा विचार केला.

"ते नाही बघत आम्ही," म्हणाले.